रक्तदानाचे फायदे (मुंबई)

निरोगी माणसाने स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता दुसऱ्यासाठी रक्त देणे म्हणजे रक्तदान. एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त काढतात. मुंबईत आजही ‘बाटली दिली’ असेच म्हणतात. काचेच्या बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या पिशव्या आल्याला कित्येक वर्षे झाली, पण बोलण्यातली बाटली तशीच आहे. दात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. पुरुषांना दर तीन महिन्यांनी, स्त्रियांना दर चार महिन्यांनी रक्त देता येते.

दात्याचा पहिला फायदा सुई टोचण्याआधीच होतो. अनेक शिबिरांत बोटाचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. थेंब सरळ तळाशी गेला तर हिमोग्लोबिन पुरेसे आहे. तो तरंगत राहिला किंवा मध्येच घुटमळला तर दात्याला थांबवतात. परत जाणाऱ्यांत बायका पुष्कळ असतात. आपल्याला रक्तक्षय आहे हे अनेकींना त्या टेबलापाशीच पहिल्यांदा कळते, आणि ही माहिती रक्त देण्याइतकीच मोलाची आहे. रक्तदाब आणि नाडीही तिथेच तपासतात. नंतर प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, उपदंश आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. मात्र ‘फुकट तपासणी होईल’ म्हणून कुणी रक्त देऊ नये. नुकताच झालेला संसर्ग काही काळ चाचणीत दिसत नाही, आणि ती पिशवी कुणाच्या तरी शरीरात जाते.

शिबिरांच्या पत्रकांवर याहून मोठी आश्वासनेही छापलेली असतात : हृदयविकार टळतो, वजन उतरते, कॅन्सर दूर राहतो. त्यांवर विसंबू नये. रक्त देणारी माणसे मुळातच निरोगी असतात, तपासून निवडलेली असतात; त्यांची तब्येत चांगली दिसली तर श्रेय रक्तदानाला देता येत नाही. शरीरात लोह साठत जाण्याचा एक आनुवंशिक विकार आहे, त्यात मात्र रक्त काढणे हाच उपचार असतो. ‘अशक्तपणा येतो’ ही भीतीही तितकीच अवाजवी. कमी झालेले द्रव एक-दोन दिवसांत भरून निघते, तांबड्या पेशींना चार ते आठ आठवडे लागतात, लोहाला त्याहून जास्त. म्हणून पालेभाज्या, कडधान्ये, अळीव आहारात हवेत. शिबिर स्टेशनजवळ असेल तर चहा-बिस्किट घेऊन पंधरा-वीस मिनिटे बसावे. उठल्या उठल्या गर्दीच्या लोकलच्या दारात लटकू नये.

खरा फायदा घेणाऱ्याचा. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट्स आणि रक्तद्रव वेगळे काढतात, म्हणजे तीन रुग्णांची सोय होते. परळमध्ये हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर दिसते : टाटा रुग्णालयातल्या केमोथेरपीच्या रुग्णाला प्लेटलेट्स हव्या असतात, केईएममध्ये रेल्वे अपघातातून आणलेल्याला तांबड्या पेशी. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, आणि ते जन्मभर. या मुलांच्या आईबापांना रक्ताच्या तुटवड्याची बातमी पेपरात वाचावी लागत नाही.

पूर्वी पैसे घेऊन रक्त विकणारेही होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून त्यावर बंदी आली. आता रुग्णाकडून घेतले जातात ते तपासणी आणि प्रक्रियेचे पैसे. रक्ताची किंमत नव्हे. स्वेच्छेने येणारा दाता अधिक सुरक्षित असतो, कारण त्याला आजार लपवण्याचे कारण नसते.

या शहराचे नाव एका रक्तगटालाही आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत ‘बॉम्बे रक्तगट’ ओळखला. साध्या तपासणीत असा माणूस ‘ओ’ गटाचा वाटतो. पण ‘ओ’ रक्ताच्या तांबड्या पेशींवर असणारे ‘एच’ प्रतिजनच (पेशीवरची ओळखखूण) त्याच्या पेशींवर नसते, त्यामुळे त्याला ‘ओ’ रक्तही चालत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक असा आढळतो आणि त्याला फक्त त्याच गटाचे रक्त देता येते. असे दाते रक्तपेढ्यांच्या नोंदवहीत असतात, गरज पडली की त्यांना फोन जातो.

मुंबईत दात्यांची उणीव नाही. ११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांनंतर रुग्णालयांबाहेर रक्त द्यायला रांगा लागल्या होत्या. गणेशोत्सव मंडळे, दहीहंडी पथके, शिवजयंती आणि आंबेडकर जयंतीची शिबिरे यांतून भरपूर रक्त जमते. अडचण आहे ती तारखांची. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत ३५ दिवस, विशिष्ट द्रावणात ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स सतत हलवत ठेवूनही पाचच दिवस. १४ एप्रिलला दिलेल्या पिशवीची मुदत १९ मेला, फार तर २६ मेला संपते. तोवर कॉलेजे बंद असतात, चाकरमानी गावाला गेलेला असतो, आणि शस्त्रक्रिया मात्र थांबत नाहीत. पावसाळ्यात डेंग्यू वाढतो तेव्हा प्लेटलेट्सचे असेच होते. गणपतीत जमलेल्या प्लेटलेट्स पुढच्या आठवड्यालाही पुरत नाहीत. म्हणून मे महिन्यातली एक पिशवी उत्सवातल्या दहांइतकी कामाची ठरते. त्यासाठी शिबिराची वाट पाहावी लागत नाही. केईएम, सायन, नायर, जे. जे. या रुग्णालयांच्या रक्तपेढ्यांत थेट जाऊन रक्त देता येते. पोटभर खाऊन आणि आदल्या रात्री नीट झोपून जावे.