सह्याद्रीतला ओढा तपासायचा तर आधी दगड उलटा

ओढ्याचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवलं की विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), नायट्रेट, सामू (पीएच) असे आकडे हाती येतात. ते खरे असतात, पण त्या बाटलीपुरते. वरच्या अंगाच्या एखाद्या रिसॉर्टने रात्री दोन तास सांडपाणी सोडलं आणि नमुना सकाळी अकराला घेतला, तर दूषित पाणी तोवर कितीतरी खाली निघून गेलेलं असतं आणि अहवाल स्वच्छ येतो. तळाच्या दगडगोट्यांखाली राहणारे जीव मात्र जागच्या जागी असतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या उडणाऱ्या कीटकांच्या अळ्या आणि पिल्लं पाण्यात कित्येक आठवडे ते कित्येक महिने काढतात. त्या रात्री पाण्यातला ऑक्सिजन संपला असेल तर त्यातले नाजूक जीव मेलेले असतात आणि त्यांची जागा दुसऱ्या दिवशी भरून येत नाही. म्हणून डोंगरातल्या ओढ्याची तब्येत बघायची तर तळाशी कोण आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोण असायला हवं होतं पण नाही, हे बघावं लागतं.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच प्रदूषणाच्या पायरीप्रमाणे जीवांची वर्गवारी मांडली होती. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक कुळाला (जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटाला) त्याच्या सोशिकपणानुसार १ ते १० गुण देण्याची पद्धत तयार झाली. अगदी नाजूक कुळाला १०, काहीही सोसणाऱ्याला १. हिमालयीन नद्यांसाठी २००५ ते २००८ या काळात भारत, नेपाळ, भूतान, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या सहभागाने वेगळी गुणसूची बनली. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचेही जैविक निकष आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊच.

नमुना कुठून आणि कसा

जागा खळाळाची निवडावी. पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, तळाला मुठीएवढे ते नारळाएवढे गोटे, आणि प्रवाह सलग. डोहातला गाळ हे वेगळं जग आहे. तिथले जीव खळाळातल्या जीवांशी ताडून बघितले तर निष्कर्ष चुकतोच.

जाळी साधारण ३० सेंटिमीटर रुंद, सपाट कडेची, म्हणजे ती तळाला टेकून बसते. कापडाचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरचं हवं. मच्छरदाणीचं कापड लावून काम भागवण्याचा मोह होतो, पण तिची छिद्रं एक मिलिमीटरहून मोठी असतात. लहान मेफ्लाय आणि बारीक अळ्या त्यातून निसटतात आणि यादी अर्धी होते.

जाळीचं तोंड प्रवाहाकडे धरायचं, आपण जाळीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं आणि गमबुटाने तळ ढवळायचा. सुटलेले जीव पाणीच जाळीत आणून टाकतं. ब्रिटिश पद्धतीत एकूण तीन मिनिटं ढवळायचं असतं आणि ती मिनिटं एका जागी न घालवता खळाळाच्या मध्यात, काठाशी, पाचोळ्याच्या ढिगात, शेवाळलेल्या खडकाशी वाटून द्यायची असतात. काम नेहमी खालून वरच्या दिशेने सरकत करायचं, नाहीतर आपणच ढवळलेल्या तळाचा नमुना आपण पुन्हा घेतो. शेवटी एक मिनिट हाताने शोध. ब्लॅकफ्लाय या चावऱ्या माशीच्या अळ्या आणि वॉटर पेनी नावाची, दगडाला नाण्यासारखी चिकटलेली भुंगेऱ्याची अळी लाथेने सुटत नाही. ती चिमट्यानेच काढावी लागते. जाळीत गाळ साचला तर पाणी जाळीतून जायचं थांबतं आणि जीव कडेने वाहून जातात. म्हणून दर मिनिटाला जाळी बादलीत रिकामी करावी.

पावसाळ्यात या कामाला हात घालू नये. एक तर पुराचा धोका, आणि दुसरं म्हणजे पूर तळच खरवडून नेतो. मोठ्या पुरानंतर किमान तीन-चार आठवडे थांबलं की वस्ती पुन्हा बसते. सह्याद्रीत ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा काळ सगळ्यात भरवशाचा. मार्चनंतर पुष्कळ ओढ्यांचे सुटे डोह होतात, त्यात स्थिर पाण्यातले जीव येतात आणि गुण घसरतात. ती घसरण ऋतूची असते, प्रदूषणाची नव्हे. अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात काम करायचं असेल तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नये, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा आजार) भीती कोकणातच असते असं नाही.

ताटातली ओळख

नमुना पांढऱ्या ट्रेमध्ये दोन बोटं स्वच्छ पाण्यात पसरावा, ट्रे सावलीत ठेवावा आणि दहापट भिंग घ्यावं. जिवंत जीव ओळखायला सोपे, कारण त्यांच्या हालचालीच पत्ता सांगतात. स्टोनफ्लायचं पिल्लू ट्रेच्या स्थिर पाण्यात थोड्याच वेळात पायांवर जोर देऊन अंग वरखाली करू लागतं. वाहतं पाणी थांबल्याने कल्ल्यांना ऑक्सिजन पुरत नाही आणि ते स्वतःच पाणी हलवू बघतं. हा जीव प्रदूषण का सोसू शकत नाही याचं उत्तर तिथेच डोळ्यांपुढे असतं. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने त्याहून थोडा कमी. काठची झाडं तोडली, ऊन पडलं, पाणी तापलं, त्यात सांडपाणी कुजलं, की हा जीव आधी जातो.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे शेपट्या मोजून ओळख पटवणं. मेफ्लायला तीन शेपट्या, स्टोनफ्लायला दोन, असं शिकवलं जातं. पण जोराच्या प्रवाहात खडकाला चिकटून राहणारा इपिओरस हा मेफ्लाय दोनच शेपट्यांचा असतो. टाचणी म्हणजे सडपातळ चतुर, तिच्या पिल्लाच्या शेवटी पानासारखे तीन कल्ले असतात आणि ते शेपट्यांसारखे दिसतात. म्हणून कल्ले बघावेत. पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे किंवा पानांसारखे कल्ले आणि पायाला एकच नखी असेल तर मेफ्लाय. पोटाच्या कडा मोकळ्या, पायाला दोन नख्या आणि छातीखाली, पायांच्या मुळाशी झुपके असतील तर आपल्या ओढ्यांत सापडणारा पर्लिडी कुळातला स्टोनफ्लाय.

गोगलगाईंची ओळख त्याहून सोपी आणि तितकीच बोलकी. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरावं. तोंड डावीकडे उघडत असेल तर फायसिडी कुळ. ही फुप्फुसाने श्वास घेणारी गोगलगाय आहे, पृष्ठभागावर येऊन हवा घेते, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन नसला तरी तिचं अडत नाही. रक्तासारख्या लाल कायरोनोमिड अळ्या (डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या चिलटांच्या) आणि गाळात डोकं खुपसून शेपूट हलवणारे, गांडूळवर्गातले ट्युबिफेक्स किडे यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. तेही अत्यल्प ऑक्सिजनवर तग धरतात. मात्र कायरोनोमिड दिसले की पाणी घाण, असं धरू नये. फिकट, हिरवट कायरोनोमिड अगदी स्वच्छ ओढ्यातही असतात. बाकीचे सगळे गेले आणि लाल अळ्यांचीच गर्दी उरली, हे लक्षण.

नमुना घरी न्यायचा असेल तर ९५ टक्के अल्कोहोल वापरावं आणि बाटलीत नमुना एक तृतीयांशपेक्षा जास्त भरू नये. जिवांच्या अंगातलं आणि पाल्यापाचोळ्यातलं पाणी अल्कोहोल पातळ करतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदलावं. नाहीतर आठवड्याने बाटलीत कुजका लगदा मिळतो. चतुराची मोठी पिल्लं आणि स्टोनफ्लाय पाण्याच्या बादलीत तासभर इतरांसोबत ठेवले तर ते बाकीचा नमुना खातात. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकावी, शाई अल्कोहोलमध्ये उडते. रिकामे शंख आणि टाकलेल्या काती मोजू नयेत. खेकडे आणि मासे जागेवरच सोडून द्यावेत.

गुण कसे काढायचे, आणि कुठे फसतात

समजा, एका देवराईतल्या ओढ्यात बारा कुळं मिळाली. मूळ ब्रिटिश सूचीप्रमाणे पर्लिडी १०, हेप्टाजेनिडी १०, लेप्टोफ्लेबिडी १०, फिलोपोटॅमिडी ८, गोम्फिडी ८, सीनिडी ७, हायड्रोप्सायकिडी ५, सिम्युलिडी ५, एल्मिडी ५, टिप्युलिडी ५, बेटिडी ४, कायरोनोमिडी २. (यात हेप्टाजेनिडी, लेप्टोफ्लेबिडी, सीनिडी, बेटिडी हे मेफ्लाय, फिलोपोटॅमिडी आणि हायड्रोप्सायकिडी हे कॅडिसफ्लाय, गोम्फिडी चतुर, सिम्युलिडी ब्लॅकफ्लाय, एल्मिडी भुंगेरे, टिप्युलिडी लांब पायांच्या माश्या.) बेरीज ७९, भागिले १२, सरासरी ६.६. आता तोच ओढा गावाखाली: हायड्रोप्सायकिडी ५, बेटिडी ४, फायसिडी ३, जळू ३, कायरोनोमिडी २, गांडूळवर्गीय किडे १. बेरीज १८, भागिले ६, सरासरी ३. बेरजेपेक्षा सरासरीवर जास्त विसंबावं. जास्त वेळ शोधलं की कुळं वाढतात आणि बेरीज फुगते, सरासरी फारशी हलत नाही.

पण गावाखालच्या त्याच नमुन्यात लिबेल्युलिडी कुळातल्या चतुराचं एक पिल्लू सापडलं तर काय होतं बघा. ब्रिटिश सूचीत त्याला ८ गुण आहेत. बेरीज २६, कुळं ७, सरासरी ३.७. पाणी काडीभरही सुधारलेलं नसताना गुण वाढले. आपल्याकडे या कुळातले कितीतरी चतुर साध्या डबक्यात, गढूळ तळ्यात वाढतात. ब्रिटनच्या थंड पाण्यासाठी ठरवलेले गुण सह्याद्रीला जसेच्या तसे लावले की असं होतं. सीनिडीचंही तसंच. या मेफ्लायच्या कल्ल्यांवर झाकणं असतात, त्यामुळे गाळात बाकीचे मेफ्लाय गुदमरले तरी तो टिकतो. ७ गुणांचा हा जीव गाळाने भरलेल्या ओढ्यात मोठ्या संख्येने सापडू शकतो.

केंद्रीय मंडळाच्या निकषांत सरासरीच्या जोडीला विविधतेचा गुण आहे, आणि तो काढायला कुठल्याही कुळाचं नाव माहीत असण्याची गरज नाही. ट्रे हलवून जीव सरमिसळ करायचे, मग एकेक उचलत आधीच्याशी ताडायचा. वेगळा निघाला की नवी ओळ सुरू. दहा जीव अ, अ, ब, अ, क, क, क, ड, अ, ब असे आले तर ओळी सात, गुण ०.७. सरासरी ७ किंवा अधिक म्हणजे स्वच्छ, ६ ते ७ किंचित प्रदूषित, ३ ते ६ मध्यम, २ ते ५ जास्त, २ च्या खाली अतिप्रदूषित. मधले दोन वर्ग एकमेकांवर चढलेले आहेत. तिथे विविधता निवाडा करते. ती ०.४ पेक्षा जास्त असेल तर ओढा मध्यम वर्गात राहतो.

वरच्या उदाहरणात देवराईतला ओढाही ‘स्वच्छ’ वर्गात बसत नाही, हे लक्षात आलं असेल. सह्याद्रीच्या उत्तर भागात स्टोनफ्लाय मुळातच कमी, आणि उन्हाळ्यात आटणारे ओढे पुष्कळ. म्हणून तक्त्यातल्या वर्गापेक्षा शेजारचा न बिघडलेला ओढा हाच खरा मापदंड. तो त्याच उंचीवरचा, तेवढ्याच रुंदीचा, तितकेच महिने वाहणारा असावा. बारमाही ओढ्याची तुलना डिसेंबरात आटणाऱ्याशी केली तर सगळे श्रम वाया.

नेमकं काय बिघडलं हेही यादीतून कळतं. सांडपाणी असेल तर भरपूर ऑक्सिजन लागणारे जातात आणि लाल अळ्या, ट्युबिफेक्स, फायसिडी वाढतात. शेतातलं कीटकनाशक उतरलं असेल तर चित्र वेगळं: ऑक्सिजन उत्तम, पाणी नितळ, पण कीटकच गायब, आणि जळवा, गोगलगाई जशाच्या तशा. रस्त्याच्या कापणीची माती आली असेल तर दगडांमधल्या फटी बुजतात, चपट्या अंगाचे हेप्टाजेनिडी दिसेनासे होतात, सीनिडी उरतात. अशा वेळी दगड उचलून बघावा. तो अर्ध्याहून अधिक मातीत रुतलेला असेल तर वेगळ्या पुराव्याची फारशी गरज उरत नाही.

कारण सापडलं असं वाटलं की संशयित जागेच्या वर एक आणि खाली दोन नमुने घ्यावेत, खालचे एकमेकांपासून काही शे मीटर अंतरावर. वरच्या जागेची यादी भरलेली, लगेच खालची रोडावलेली आणि त्याहून खालची थोडी सावरलेली मिळाली, तर प्रदूषणाचा उगम वरच्या आणि लगेच खालच्या नमुन्याच्या मध्येच आहे. दोन ओढ्यांच्या मध्ये जाळी आणि गमबूट धुऊन कडक उन्हात वाळवावेत, नाहीतर एका ओढ्यातली फायसिडी आपणच दुसऱ्यात नेऊन सोडतो. वहीत तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश, पाण्याचं तापमान, खोली, जाळीच्या छिद्राचं माप, ढवळण्याची मिनिटं आणि ढवळणाऱ्याचं नाव लिहावं. पुढच्या वर्षी त्याच पंधरवड्यात, त्याच जाळीने, तेवढाच वेळ.