भंगारातले शिसे जाळ्यासाठी वितळवताना

फेकजाळ्याच्या कडेला बसवायचे शिसे मऊच हवे. पट्टी दोरीभोवती गुंडाळून हातोडीने दाबली की ती दोरीला घट्ट बसली पाहिजे आणि कुठे तडकता कामा नये. पैठणच्या नाथसागरात किंवा नांदेडच्या विष्णुपुरी जलाशयात जाळे टाकणाऱ्याला हे पुरते माहीत असते. मात्र भंगाराच्या दुकानात 'शिसे' म्हणून जे मिळते, त्यात तीन-चार वेगवेगळे धातू मिसळलेले असतात. एकाच कढईत सगळे ओतले की पट्टी दाबतानाच फुटते.

शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि नखानेही त्यावर ओरखडा उठतो. जुन्या टेलिफोन केबलचे वेष्टण, जुने पाण्याचे नळ आणि क्ष-किरण खोलीच्या दारातला पत्रा हे बहुधा मऊ शिसे असते. छापखान्याच्या खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचे, तसे नाही. त्यांत शिशाबरोबर कथील आणि भरपूर अँटिमनी (शिसे कडक करणारा ठिसूळ धातू) असते, ओतीव खिळ्यांत तर अँटिमनी जवळजवळ पाव हिश्शापर्यंत जाते. चाक बॅलन्स करायची क्लिपची जुनी वजने या दोन्हींच्या मधली, त्यांत अँटिमनी थोडेच असते. हल्ली तशीच दिसणारी वजने जस्ताची आणि लोखंडाचीही येतात, आणि खरी फसगत इथेच होते.

अँटिमनीने शिसे कडक होण्याचे कारण असे. २५२ अंशांना घनरूप शिशात जास्तीत जास्त साडेतीन टक्के अँटिमनी विरघळते. थंड झाल्यावर तेवढेही मावत नाही. उरलेले बारीक कडक कणांच्या रूपाने बाहेर पडते आणि शिशाचे थर एकमेकांवरून सरकू देत नाही. हे कण सावकाश तयार होत असल्याने ओतलेला तुकडा पुढचे कित्येक दिवस कडक होत राहतो. म्हणून ओतल्या दिवशी घेतलेल्या चाचणीवर विसंबू नका, आठवडाभराने पुन्हा तपासा.

चाचणी सोपी आहे. पेन्सिलीचे टोक सपाट घासून ती ४५ अंशांत धरा आणि पुढे ढकला. मऊ शिशात ४बी ही मऊ पेन्सिलही रुतते, कडक खिळ्यांवर तिच्याहून कडक एचबी नुसती घसरते. पट्टी दुमडून पाहणे आणखी खात्रीचे: मऊ शिसे पूर्ण दुमडते, कडक धातू वाकतानाच तडकतो. जस्ताची शंका आली तर तुकडे तोलून काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवा आणि सांडलेले पाणी मोजा. एक किलो शुद्ध शिसे ८८ मिलिलिटर पाणी सारते, जस्त १४०. दोन-तीन टक्के अँटिमनी मात्र या मोजमापात पकडता येत नाही, त्याला पेन्सिलच हवी.

गळाच्या दोरीचे लटकणारे वजन दाबायचे नसते. ते दगडांवर आपटते, त्यामुळे थोडे कडक असलेले बरे. त्यासाठी तीन टक्के अँटिमनी पुरते. खिळ्यांत २४ टक्के धरले तर एक किलो खिळ्यांना सात किलो मऊ शिसे घ्या. खिळ्यांतले कथीलही सोबत येते, त्याने रस पातळ होतो आणि साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. जाळ्याच्या पट्टीत खिळे अजिबात घालू नका.

वितळवण्यासाठी जाड लोखंडी कढई घ्या, ती पुन्हा स्वयंपाकात वापरायची नाही. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे चालणार नाही. जागा उघडी, वारा पाठीमागून येणारा हवा. तापमान ३६० ते ३८० अंशांत ठेवा आणि तापमापक जरूर घ्या. जस्त ४१९ अंशांना वितळते. त्याखाली राहिलात तर चुकून आलेली जस्ताची आणि लोखंडाची वजने वर तरंगतात, झाऱ्याने काढून टाकता येतात. आच वाढली की जस्त विरघळते, रस गुठळ्या झालेल्या पिठल्यासारखा होतो आणि साचा भरत नाही. असा घाण झालेला रस घरी सुधारत बसण्यापेक्षा वेगळा ओतून ठेवलेला बरा.

वर आलेली करडी साय लगेच काढू नका, तिच्यात कथील आणि अँटिमनी जळून गेलेले असते. सुपारीएवढे मेण टाकून ढवळा, धूर पेटू द्या. मेणाच्या कार्बनने त्यातला बराच धातू परत रसात उतरतो. मग उरलेली काळी भुकटी काढा. साचा आधी गरम करून आतून मेणबत्तीची काजळी धरा. थंड साच्यात पट्टीवर सुरकुत्या पडतात.

ओला तुकडा तापलेल्या रसात कधीही टाकू नका. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट वाढते आणि रस अंगावर उडतो. केबलच्या आत, नळाच्या वाकणात पाणी अडकलेले असते. सगळे भंगार मराठवाड्याच्या उन्हात नीट वाळवा आणि थंड कढईतच भरून मग आच लावा. नंतर भर घालायची तर तुकडा आधी कढईच्या काठावर गरम करून घ्या. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, चामडी हातमोजे, चष्मा आणि बंद बूट हवेतच.

इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या घरोघरी आहेत, म्हणून प्लेटा फोडून वितळवण्याचा मोह होतो. तो टाळाच. प्लेटांवरचा लेप म्हणजे शिशाचे सल्फेट आणि ऑक्साइड, ते या आचेवर वितळतच नाही, नुसती विषारी धूळ उरते. प्लेटांच्या धातूच्या जाळीत आर्सेनिक किंवा अँटिमनी असले आणि त्या राखेला ओल लागली, तर आर्सीन, स्टिबीन हे अत्यंत घातक वायू निघू शकतात. बॅटरी दुकानदाराला परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करून नोंदणीकृत कारखान्यात पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

३८० अंशांना शिशाची वाफ फारशी होत नाही, मोठा धोका त्या काळ्या भुकटीचा. ती हातातून तोंडात जाते, कपड्यांतून घरात येते. मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही, म्हणून मुले आणि गरोदर बायका जवळ नकोत. भुकटी झाकणाच्या डब्यात ठेवा, उकिरड्यावर किंवा शेतात टाकू नका. काम संपले की साबणाने हात धुवा, कपडे वेगळे धुवा.

पाण्यात सुटलेले शिसेही त्रास देते. बारीक तुकडे पाणपक्षी खडे समजून गिळतात, म्हणूनच ब्रिटनने १९८७ मध्ये गळाच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली. नाथसागर पक्षी अभयारण्य आहे आणि त्याचेच पाणी छत्रपती संभाजीनगर पिते. छऱ्याएवढे दाणे ओतण्यापेक्षा लांब पट्ट्या वापरा, दोरी झिजली की वेळीच बदला, आणि तुटलेल्या जाळ्याचे शिसे कापून घरी आणा. ते मऊ असल्याची खात्री आधीच झालेली असते, त्यामुळे पुढच्या ओतकामाला तेच सर्वांत चांगले भंगार.