धार्मिक छळातील बळींचे संख्यानुमान

धर्मामुळे किंवा पंथामुळे मारल्या गेलेल्या, परागंदा झालेल्या अथवा अन्य प्रकारे छळल्या गेलेल्या लोकांची संख्या अपुऱ्या नोंदींवरून काढण्याची संख्याशास्त्रीय रीत. सर्व बळींची पूर्ण यादी सहसा नसतेच, म्हणून मोजणीऐवजी अनुमान करावे लागते.

बळी कोणाला म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते. निम्मे वाद तिथेच असतात. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह (१९३०–३५) घ्या. १९३० च्या रामनवमीला रथावरून संघर्ष पेटला, दगडफेक झाली, माणसे जखमी झाली. फक्त मृत्यू मोजले तर यातले बहुतेक काही तक्त्यात येत नाही. शिवाय हा छळ जातीचा की धर्माचा? १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याला डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, हे लक्षात घेता दोन वेगळे रकाने करणे अवघडच. उलट दिशेचे उदाहरणही आहे. जगात दरवर्षी एक लाख ख्रिस्ती हुतात्मे होतात, या गाजलेल्या दाव्यात काँगोच्या यादवी युद्धात मेलेल्यांचा मोठा वाटा धरलेला होता.

दुसरा धोका एका ठिकाणचे प्रमाण सगळीकडे लावण्याचा. अठराव्या शतकात फोग्ट या जर्मन लेखकाने क्वेडलिनबुर्ग या एका गावच्या नोंदींवरून युरोपभर चेटकीण ठरवून मारलेल्यांची संख्या ९४,४२,९९४ काढली. आजचे इतिहासकार ती ४० ते ६० हजारांच्या आसपास मानतात. एककापर्यंत नेमकी आलेली संख्याच खरे तर संशय घ्यायला पुरेशी होती.

फाळणीबाबतही हाच सापळा आहे. देवळालीच्या छावणीत आलेले सिंधी निर्वासित ज्या प्रांतातून आले, तिथली हिंसा पंजाबइतकी भीषण नव्हती. अनेक कुटुंबे कराचीहून बोटीने मुंबईला उतरली. पंजाबातले मृत्यूचे प्रमाण सिंधला लावले तर उत्तर चुकणारच. काही अभ्यासकांनी १९३१ व १९५१ च्या जनगणना ताडून पाहिल्या, तेव्हा निघालेल्या आणि पोचलेल्या लोकांच्या संख्येत सुमारे ३४ लाखांची तफावत आली. हे सगळे मारले गेले असे मात्र नव्हे. मृतांचे अंदाज २ लाखांपासून २० लाखांपर्यंत पसरलेले आहेत.

याद्या हाती असतील तर अधिक चांगली रीत वापरता येते. ती मूळची माशांची संख्या काढण्यासाठी आली. माणसांच्या जन्ममृत्यूंसाठी चंद्रशेखरन व डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये ती मांडली, तीही बंगालमधील सिंगूरच्या नोंदींवर. समजा, पोलिसांच्या यादीत २०० मृत आहेत, मदत समितीच्या यादीत १५०, आणि ६० नावे दोन्हीकडे आहेत. समितीच्या १५० पैकी ६०, म्हणजे ४० टक्के, पोलिसांकडे सापडले; तर पोलिसांचे २०० हेही एकूण मृतांच्या ४० टक्के धरायचे. मग २०० × १५० ÷ ६०, म्हणजे एकूण सुमारे ५००. नोंदलेले २९०, सुटलेले २१०.

गणित सोपे, गृहीतक कठीण: दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. दोघेही रस्त्यालगतच्याच गावांत फिरले तर समान नावे वाढतात आणि उत्तर कमी येते. धार्मिक दंगलीत मात्र प्रत्येक समाजाची समिती आपापली माणसे टिपते. समान नावे घटतात आणि आकडा फुगतो. एकच नाव देवनागरीत, उर्दूत आणि इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले गेले आणि जुळवणाऱ्याच्या ते लक्षात आले नाही, तरी तोच परिणाम. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांसारखे साधन इथे मोहात पाडते, कारण त्यांत घराण्यांच्या पिढ्या सापडतात. पण ती माहिती नातेवाइकांनी येऊन सांगितलेली असते. अख्खे घर संपले तर सांगायला येणार कोण? त्यामुळे अशी वही पूरक पुरावा म्हणून चालेल, स्वतंत्र यादी म्हणून नाही.

दोनऐवजी तीन-चार याद्या असल्या तर त्यांचे परस्परावलंबन काही अंशी तपासता येते. पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये असेच केले. तिथला सरकार आणि बंडखोरांमधला संघर्ष धार्मिक नव्हता, पण रीत हीच: नोंदलेले मृत्यू सुमारे २४ हजार, अनुमान ६९,२८०, आणि खरी संख्या ज्यांच्या दरम्यान असावी त्या मर्यादा ६१,००७ ते ७७,५५२. पुढे २०१९ मध्ये त्याच माहितीवर वेगळे प्रतिमान लावून सुमारे ४८ हजारांचे अनुमान मांडले गेले. ते आयोगाच्या मर्यादेच्या बाहेर पडते.