अवयवदान आणि युरोबॅगमधला आकडा

‘अपघातात नवरा-बायको दोघंही ब्रेन डेड. चार किडन्या उपलब्ध आहेत. गरजूंनी खालील नंबरवर फोन करावा.’ हा मेसेज नाशिकच्या सोसायट्यांच्या, शाळांच्या, भिशीच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मजकूर मात्र साफ खोटा. शरीराबाहेर काढलेली किडनी थंड द्रावणात आणि बर्फात ठेवली तरी साधारण २४ ते ३६ तास टिकते, यकृत ८ ते १२ तास आणि हृदय जेमतेम ४ तास. ती कुणाला द्यायची हे फोन करणारा ठरवत नाही, प्रतीक्षायादी ठरवते. नाशिकच्या रुग्णालयातल्या दात्याची माहिती पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे जाते आणि वाटप तिथून होतं. अवयवाचा सौदा केला तर अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे.

या मेसेजमागे आणखी एक गैरसमज दडलेला आहे. माणूस मेंदूमृत झाला की अवयव आपोआप ‘उपलब्ध’ होऊन तसेच राहतात, असं लोकांना वाटतं. मेंदूचा स्तंभ मेला की शरीराचा कारभार काही तासांतच विस्कटायला लागतो. रक्तदाब, तापमान, पाणी आणि क्षार यांचा जो हिशोब मेंदू न सांगता ठेवत होता, तो आता बाहेरून, हाताने, दर तासाला ठेवावा लागतो. हे काम आयसीयूतल्या नर्सचं. बातमीत मात्र ग्रीन कॉरिडॉर आणि सायरन वाजवत पळणारी ॲम्ब्युलन्सच दिसते. मुळात किडनी खराब झालेली असेल तर नाशिक-पुणे रस्ता कितीही मोकळा करून काय उपयोग?

मृत्यूची खात्री कशी करतात ते थोडक्यात. चार डॉक्टरांचं मंडळ, किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या आणि शेवटी फॉर्म १० वर सह्या. बाहुल्यांवर प्रकाश टाकणं, बुबुळाला कापूस लावणं, कानात बर्फाचं पाणी सोडणं, श्वासनलिकेत सक्शनची नळी घालून खोकला येतो का पाहणं, या त्या चाचण्या. सर्वात महत्त्वाची ॲप्निया टेस्ट. आधी शंभर टक्के ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर काढतात, श्वासनलिकेत बारीक नळीने मिनिटाला सुमारे ६ लिटर ऑक्सिजन चालू ठेवतात आणि ८ ते १० मिनिटं छाती हलते का ते पाहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० च्या वर जाऊनही श्वास आला नाही, तर श्वसनकेंद्र मेलेलं आहे. चाचणीला हात घालण्यापूर्वी डॉक्टर नर्सचा चार्ट उघडतात. झोपेचं औषध शेवटचं कधी दिलं? स्नायू शिथिल करणारं इंजेक्शन कधी? अंगाचं तापमान किती, सोडियम किती? यातली एक नोंद जरी संशयास्पद असली तरी चाचणी पुढे ढकलावी लागते.

आता लघवीकडे वळू. या सगळ्या प्रकरणातला सर्वात देखणा भाग तोच आहे.

आपल्या दोन्ही किडन्या मिळून रोज जवळपास १८० लिटर द्रव गाळतात. बाहेर पडते ती दीड-दोन लिटर लघवी. म्हणजे बाकीचं जवळजवळ सगळं पाणी परत रक्तात घेतलं जातं. त्यातला बराचसा भाग आपोआप परत जातो. शेवटचा, मोजूनमापून घ्यायचा हिस्सा एका संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) ताब्यात असतो. त्याचं नाव व्हॅसोप्रेसिन. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात तयार होतं आणि त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सोडलं जातं. किडनीतल्या संग्राहक नलिकांच्या पेशींवर ते पोचलं की पेशीच्या आत साठवून ठेवलेली ॲक्वापोरिन-२ नावाची प्रथिनं पृष्ठभागावर येऊन बसतात. ही पाण्याची दारं. दारं उघडली की पाणी नलिकेतून आत ओढलं जातं आणि लघवी दाट होते. संप्रेरक संपलं की दारं पुन्हा आत जातात आणि पाणी सरळ युरोबॅगमध्ये, म्हणजे लघवी साठवायच्या पिशवीत.

मेंदूला सूज येऊन कवटीतला दाब रक्तदाबापेक्षा जास्त झाला की हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटतो. मग व्हॅसोप्रेसिन येणार कुठून? ६० किलोच्या रुग्णाची लघवी तासाला साठ-सत्तर मिलिलिटर होती, ती २४० च्या पुढे जाते. किलोमागे तासाला ४ मिलिलिटर ही धोक्याची खूण. दोन लिटरची युरोबॅग एका पाळीतच भरते. लघवी पाण्यासारखी पांढरी दिसते आणि तिचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतला जडपणा, १.००५ च्या खाली येतं. शरीरातलं नुसतं पाणी निघून जातं, सोडियम मागे राहतं आणि रक्तात लिटरला १४० मिलिमोलवरून १५०, १६० असं चढत जातं.

इथे घाई नडते. लघवी वाढण्याची आणखी दोन कारणं त्याच बेडवर हजर असतात. मेंदूची सूज उतरवायला आदल्या दिवशी मॅनिटॉल दिलेलं असतं, तेही लघवी वाढवतं. आणि रक्तातली साखर ३०० च्या घरात असेल तर साखर स्वतःबरोबर पाणी खेचून नेते. म्हणून चांगली सिस्टर फोन उचलण्याआधी तीन गोष्टी बघते: मॅनिटॉलची शेवटची वेळ, ग्लुकोमीटरवरचा आकडा आणि लघवीचं विशिष्ट गुरुत्व. मॅनिटॉल किंवा साखरेमुळे आलेली लघवी इतकी पातळ नसते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे गेली तेवढी लघवी नॉर्मल सलाइनने भरून काढणं. नॉर्मल सलाइनमध्ये लिटरला १५४ मिलिमोल सोडियम असतं, म्हणजे रक्तापेक्षाही जास्त. जाणारं जवळपास नुसतं पाणी आणि येणारं खारं, मग सोडियम उतरणार कसं? त्याऐवजी अर्ध्या ताकदीचं सलाइन, पाच टक्के डेक्स्ट्रोज किंवा रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) साधं पाणी देतात. डेक्स्ट्रोजने साखर चढली की पुन्हा लघवी वाढते, त्यामुळे त्याच्या जोडीला इन्सुलिन आणि तासातासाला साखर तपासणं आलंच. खरा उपाय हरवलेलं संप्रेरक परत देणं. तासाला अर्ध्या ते अडीच युनिटच्या आसपास व्हॅसोप्रेसिनची ड्रिप, नाहीतर शिरेतून १ ते ४ मायक्रोग्रॅम डेस्मोप्रेसिन. व्हॅसोप्रेसिन रक्तदाबही सावरतं. मात्रा जास्त झाली तर लघवीच बंद होते, म्हणून किलोमागे तासाला अर्धा ते दोन-तीन मिलिलिटरवर थांबायचं. दर चार-सहा तासांनी रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासायचं. लघवीबरोबर पोटॅशियम-मॅग्नेशियम वाहून गेलं की हृदयाची लय बिघडते.

सोडियम १५५ च्या खाली ठेवण्याचा एवढा आग्रह यकृतासाठी. खाऱ्या रक्तात पेशी आकसून जाऊ नयेत म्हणून यकृताच्या पेशी आत विरघळलेल्या पदार्थांचा साठा वाढवतात. असं यकृत १४० सोडियम असलेल्या माणसात बसवलं की त्या पेशी पाणी ओढून फुगतात. ऑपरेशन बिनचूक होऊनही यकृत चालत नाही, याचं एक कारण हे असू शकतं.

रक्तदाबाची गंमत वेगळी. मेंदूस्तंभ मरताना ॲड्रेनलिनचं वादळ उठतं, दाब २०० पार जातो. थोड्या वेळाने सगळं संपतं आणि दाब ७० वर आपटतो. म्हणून वादळात लांब चालणारं बीपीचं औषध देत नाहीत, एस्मोलॉलसारखं काही मिनिटांत उतरणारं देतात. नंतर दाब वाढवणारं नॉरॲड्रेनलिन लागतं, सरासरी दाब ६५ च्या वर राहील इतकं. नाडी मंदावली तर ॲट्रोपिनचा उपयोग नाही, कारण ते ज्या मज्जातंतूचा लगाम काढतं त्याचं मेंदूतलं केंद्रच मेलेलं असतं. बाकी कामं रोजचीच, पण चुकवायची नाहीत: अंग ३६ अंशांखाली जाऊ न देणं, डोकं ३० अंश वर, कफ काढणं, श्वासनलिकेतल्या नळीच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका, दोन तासांनी कूस बदलणं. आणि डोळ्यांत मलम घालून पापण्या मिटवून ठेवणं. उघड्या राहिलेल्या डोळ्याचा कॉर्निया (पुढचा पारदर्शक पडदा) एसीच्या हवेत सुकतो आणि नेत्रदान तिथेच संपतं.

नातेवाइकांचा गोंधळ व्हेंटिलेटरच्या पडद्यावरून होतो. श्वासाचा दर १४ लावलेला असतो, दिसतात १९. ‘स्वतःहून श्वास घेतायत ना, सिस्टर?’ कित्येकदा तो श्वास नसतो. हृदयाच्या ठोक्याने छातीतली हवा किंचित हलते, नाहीतर नळीत साचलेलं पाणी हलतं, आणि संवेदनशील लावलेलं मशीन त्यालाच श्वास समजून हवा सोडतं. मशीनची ही संवेदनशीलता (ट्रिगर) थोडी कमी केली, पाणी काढलं की जादाचे श्वास गायब. खरा श्वास असेल तर मात्र तो लपवायचा नाही, डॉक्टरांना लगेच सांगायचं. मेंदूमृत्यूचा प्रश्नच मग उरत नाही. तसंच पाय किंवा हात हलण्याचं. पाठीच्या कण्यातले प्रतिक्षेप (आपोआप होणाऱ्या हालचाली) मेंदूशिवायही चालतात, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. आणि ‘तब्येत स्थिर आहे’ हे वाक्य तर उच्चारूच नये. नर्सने त्या शिफ्टला सहज म्हटलेल्या त्या तीन शब्दांवर घरचे रात्रभर आशा लावून बसतात.

दानाची विचारणा नर्स करत नाही. मृत्यू जाहीर झाल्यावर, तो घरच्यांनी समजून घेतल्यावर प्रत्यारोपण समन्वयक बोलतो आणि फॉर्म ८ वर जवळच्या नातेवाइकाची संमती घेतो. अपघाताची केस असेल, आणि मुंबई-आग्रा महामार्गावरचं शहर म्हटल्यावर ती बहुधा असतेच, तर पोलिसांना कळवणं आणि शवविच्छेदनाची सोय लागते. संमतीनंतर अवयव काढेपर्यंतचा खर्च कुटुंबावर पडत नाही. याच टप्प्यावर कुणी काका म्हणतात, ‘डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होईल.’ गोदाकाठी रामकुंडावर आपण अस्थी सोडतो तेव्हा डोळे, यकृत, किडन्या कधीच जळून गेलेल्या असतात. त्यावरून पुढच्या जन्माची काळजी कुणी करत नाही.

ऊतींचं दान हृदय थांबल्यावरही होतं. त्वचा आणि डोळे साधारण सहा तासांत घेतात. त्वचेचा वरचा पातळ थरच मांडी, पोटरी, पाठीवरून काढतात. रक्तगट जुळवावा लागत नाही आणि ग्लिसरॉलमध्ये ४ अंशांना ती पाच वर्षांपर्यंत टिकते. आयसीयूत हृदय थांबल्याची नेमकी वेळ नर्सच्या नोंदीत असते, सहा तास तिथून मोजायचे. घरी मृत्यू झाला तर पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि नेत्रपेढीला फोन करावा. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता, तरी फोन करावाच. डोळे चालतील की नाही ते पेढीवाले तपासून ठरवतात.