वेळ मिळत नाही, की बसवत नाही?

ध्यानाला बसणं सुटलेल्या माणसाला कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: वेळच मिळत नाही. पुष्कळदा ते खरंही असतं. पण याच उत्तराआड दुसरी एक गोष्ट लपते, ती म्हणजे बसणंच नकोसं झालेलं असणं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र वेगळे आहेत.

खरं काय ते अचानक मिळालेल्या मोकळ्या वेळात कळतं. मीटिंग रद्द झाली, घरात शांतता आहे, अर्धा तास हाताशी आहे. ज्याला खरोखरच वेळ मिळत नव्हता तो बसतो, निदान बसावंसं त्याला वाटतं तरी. ज्याला बसणंच नकोसं झालंय तो मोबाइल उचलतो, मग कपाट आवरायला घेतो, आणि तो अर्धा तास सरला की त्याला जरा हायसं वाटतं. हे हायसं वाटणं मला सगळ्यात खात्रीची खूण वाटते.

नुसता वेळेचा प्रश्न असेल तर तो सुटण्यासारखा आहे. बैठक दहा मिनिटांवर आणावी, दात घासून झाले की लगेच बसावं. एखादा दिवस बुडाला तर मनाला लावून घेऊ नये. खाणं, पिणं, व्यायाम अशा सवयींवरचा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला माणसागणिक १८ ते २५४ दिवस लागतील असा त्यात अंदाज होता, आणि एखाद्या दिवसाच्या खंडाने फारसं बिघडत नाही असंही दिसलं होतं.

नकोसेपणाचं तसं नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, सांगितले आहेत. त्यांत व्याधी आहे, संशय आहे, आळस आहे. वेळ नसणं मात्र नाही. आळसाहून वेगळं असं ‘स्त्यान’ही त्यात आहे, म्हणजे चित्ताचीच काही करायची तयारी नसणं. शरीर ताजंतवानं असूनही मन बसायला नकार देतं, ते हेच.

त्या नकाराला बहुधा कारण असतं. डोळे मिटले की दोन मिनिटांत आवळलेला जबडा जाणवतो, आणि दिवसभर बाजूला सारलेली काळजी पुढ्यात येते. कामाच्या धबडग्यात ती झाकलेली असते, म्हणून मन धबडगाच पसंत करतं. इथे वीसची दहा मिनिटं केली तरी फरक पडत नाही. त्यापेक्षा डोळे उघडे ठेवून बसावं, सावकाश चालत ध्यान करावं, ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्याशी बोलावं. बसल्यावर जुनं दुःख किंवा भीती झेपेनाशी होत असेल, तर रेटून बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.

खरी अडचण पुढेच आहे: पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर होतं. कामामुळे काही आठवडे बुडतात, मग अपराधी वाटू लागतं, आणि बसायचं म्हणजे आधी त्या टोचणीला सामोरं जायचं असं होऊन बसतं. त्यात ‘आता बसलो तर पूर्ण तासभरच’ अशी अट आपणच घालतो. ती अट आधी काढून टाकावी. परतीच्या पहिल्या दिवशी बुडालेलं भरून काढायला जाऊ नये. पाच मिनिटं बसून, अजून बसावंसं वाटत असतानाच उठावं.