सबसिडी: कोणती, किती आणि हातात कधी?
(यंत्रसामग्रीची ऑर्डर देण्यापूर्वी वाचावे, ही विनंती)

‘२५ टक्के सबसिडी आहे’ एवढ्यावर विसंबून खर्चाचा मेळ घालू नका. सबसिडी म्हणजे सरकारने एखाद्या कामाला दिलेला आर्थिक हातभार. तो रोख असेल, व्याजात असेल, करात असेल किंवा वस्तूच्या कमी केलेल्या किमतीत असेल. प्रत्येकाचा तुमच्या हप्त्यावर होणारा परिणाम वेगळा.

भांडवली सबसिडी इमारत आणि यंत्रांच्या खर्चावर मिळते. इथे ‘पात्र खर्च’ हा शब्द नीट पाहा. जमीन, जुनी यंत्रे, परत मिळणारा कर हे बहुतेक योजनांत धरत नाहीत. समजा एकूण खर्च १४ लाख, त्यात पात्र १० लाख. २५ टक्क्यांनी अडीच लाख होतात, पण योजनेची कमाल मर्यादा २ लाख असेल तर मिळणार २ लाखच. म्हणजे एकूण खर्चाच्या जेमतेम १४ टक्के.

ही रक्कम येते कशी, हा त्याहून मोठा प्रश्न. काही योजनांत ती सुरुवातीलाच मिळते. काहींत बँकेकडे तुमच्या नावे वेगळी जमा राहते आणि ठरलेला काळ उद्योग चालवून दाखवल्यावरच कर्जात वळती होते. तोवर तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही ना, हे मंजुरीपत्रात लिहून घ्या. त्या मुदतीत यंत्र विकले किंवा उद्योग बंद पडला, तर ही रक्कम सरकारकडे परत जाते आणि कर्ज तुमच्या अंगावर राहते.

रक्कम मिळण्याची तिसरी पद्धत प्रतिपूर्तीची: आधी पूर्ण खर्च तुम्ही करायचा, मग बिले लावून मागणी करायची. अनेकांचे गणित इथेच कोलमडते. अडीच लाख यायला १४ महिने लागले आणि तेवढे पैसे १२ टक्क्यांनी उचललेले असले, तर ३५ हजार व्याजातच गेले. हा खर्च प्रकल्प अहवालात आधीच धरा.

व्याज सबसिडीत मुद्दल तसेच राहते. ११ टक्क्यांच्या कर्जावर ३ टक्के सवलत असेल, तर भार ८ टक्क्यांचा. पण बऱ्याचदा बँक पूर्ण ११ टक्के वसूल करते आणि फरक नंतर खात्यात येतो. हप्ता थकला की त्या काळाची सवलत सहसा बुडते. म्हणून पहिल्या वर्षाचा हप्ता ११ टक्क्यांनीच झेपतो का, ते तपासा.

प्राप्तिकरातल्या सवलतीचा उपयोग कर भरण्याइतका नफा होऊ लागल्यावरच. नव्या उद्योगाने तिच्या भरवशावर कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वीजदरातली ‘क्रॉस सबसिडी’ मात्र सरकारी तिजोरीतून येतेच असे नाही. एका गटाला जादा दर लावून दुसऱ्याला स्वस्त वीज दिली जाते. उद्योग बहुधा जादा दराच्या बाजूला असतात.

निर्यात करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या करारानुसार, निर्यातीच्या अटीवर किंवा देशी मालच वापरण्याच्या अटीवर दिलेली सबसिडी सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. अशा मालावर आयात करणारा देश चौकशीनंतर प्रतिकारी शुल्क, म्हणजे सबसिडीचा फायदा पुसून टाकणारा जादा आयातकर, लावू शकतो.

अर्ज कुठे अडकतात?

बहुतेक वेळा तारखांत. योजनेच्या कार्यालयाने दिलेल्या पूर्वसंमतीच्या आधीचे बिल किंवा ॲडव्हान्सची पावती असली की अर्ज बाद होऊ शकतो. कारण सरळ आहे: मदतीशिवायही तुम्ही यंत्र घेतलेच असते, असा त्याचा अर्थ निघतो. म्हणून ऑर्डरची तारीख संमतीनंतरचीच हवी. दुसरी चूक नावांची. कोटेशनवर एक मॉडेल, बिलावर दुसरे. अर्ज फर्मच्या नावे, बिल मालकाच्या. तपासणीला येणारा अधिकारी यंत्रावरच्या पट्टीवरचा अनुक्रमांक बिलाशी ताडून पाहतो. ती पट्टी रंगाखाली झाकू नका, खरवडू नका. पैसे बँकेमार्फतच द्या, रोखीचा व्यवहार सिद्ध करता येत नाही. एकाच यंत्रावर दोन योजनांतून मागणी केली असेल, तर ती अर्जातच सांगा. नंतर उघडकीस आली तर दोन्हीकडची रक्कम व्याजासह परत करावी लागू शकते.

आमच्याकडे येताना योजनेचा मूळ शासकीय आदेश, यंत्राचे कोटेशन आणि बँकेचे मंजुरीपत्र आणा. मंजुरी अजून मिळाली नसेल, तर उत्तम. हप्ते ठरण्याआधीच हिशेब मांडता येईल.