प्रेक्षक बदलला की दालन चुकलं?

‘लोकांना आता धीर राहिलेला नाही,’ ही संग्रहालयवाल्यांची नेहमीची तक्रार. मोजायला गेलं की ती लंगडी पडते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नावाजलेल्या चित्रांसमोर प्रेक्षक किती वेळ थांबतात, याची जेफ्री आणि लिसा स्मिथ यांनी केलेली मोजणी २००१मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी निघाली सुमारे २७ सेकंद. पुढे शिकागोच्या कलासंग्रहालयात तशीच मोजणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७मध्ये आले. तोवर हाताहातांत स्मार्टफोन आले होते, चित्रासोबत सेल्फी काढणारेही बरेच होते. सरासरी? सुमारे २९ सेकंद. संग्रहालयं वेगळी, चित्रं वेगळी, हे मान्य. पण फोनमुळे माणूस चित्रासमोर टिकेनासा झाला, असं काही या आकड्यांतून दिसत नाही.

मग तो कंटाळतो कशाने? बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६मध्येच यावर बोट ठेवलं होतं. मांडलेल्या वस्तू नीट पाहायच्या, त्यांच्या पाट्या वाचायच्या, तर माणसाला किती वाकावं, उकिडवं बसावं, मान तिरपी करावी लागते, याचे फोटोच त्यांनी काढले. दोष पाहणाऱ्याचा नव्हता, मांडणीचा होता. शंभर वर्षांनंतरही गुडघ्याच्या उंचीवरच्या पाट्या आणि बसायला जागा नसलेली लांबलचक दालनं सर्रास दिसतात, हे जरा अतिच आहे.

फोटोंबाबतही घाईने बंदीचा फलक लावू नये. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या २०१४च्या प्रयोगात, ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूचा एखादा भाग झूम करून टिपला, तेव्हा ही घट दिसली नाही. म्हणजे कॅमेरा वाईट नाही, लक्ष कुठे आहे ते महत्त्वाचं. ‘या मूर्तीच्या बोटांचा फोटो काढा’ अशी पाटी बंदीपेक्षा उपयोगी पडू शकेल.

प्रेक्षकाला आता नुसतं पाहायचं नाही, काहीतरी करायचंही आहे. ही मागणी खरी आहे, पण अगदी नवीही नाही. फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उघडलेलं ‘एक्सप्लोरेटोरियम’ हे विज्ञान संग्रहालय हात लावून शिकण्यावरच उभं राहिलं. गंमत म्हणजे, जास्त बटणं म्हणजे जास्त मजा हा समज तिथल्याच अभ्यासकांनी खोडून काढला. एकाच मांडणीत सारख्या महत्त्वाची बरीच बटणं दिली, की सुरुवात कुठून करावी हेच माणसाला उमगत नाही. दोघे एकदम आले, तर एकाचा प्रयोग दुसरा बिघडवतो. महागडे टचस्क्रीन घेणाऱ्यांनी हे आधी वाचायला हवं.

त्याहून स्वस्त उपाय आहे. पुठ्ठा, चिकटपट्टी आणि हाताने लिहिलेली पाटी घेऊन कच्चा नमुना दालनात ठेवायचा आणि बाजूला उभं राहून बघायचं: लोक कुठे अडतात, काय चुकीचं समजतात, कुठून निघून जातात. पाटीचं वाक्य पेन्सिलीने खोडता येतं तोवरच हे करावं. एकदा ते काचेवर कोरलं गेलं, की बदलायला कोणी तयार होत नाही.